"कळतंय का?" असं विचारू नका: संवेदनेचा उंबरठा घरी कसा मोजायचा

अण्णांच्या तळपायात चपलेचा खिळा दिवसभर रुतत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर लाल ठसे आईला दिसले, तेव्हा आम्हाला कळलं. त्याच्या दोनच महिने आधी एका शिबिरात त्यांचे पाय तपासले होते आणि कागदावर 'संवेदना उत्तम' असा शेरा होता. त्या दिवशी मी सोबत होते. तपासणारा मुलगा नायलॉनचा तंतू पायाला टेकवत एका लयीत विचारत होता, "कळतंय? कळतंय? कळतंय?" अण्णा त्याच लयीत "हो, हो, हो" म्हणत होते. त्यांचे डोळेही उघडे होते.

अठ्ठावीस वर्षं मी कॉलेजात मानसशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली. जूनमधल्या पहिल्या बॅचला पहिल्याच तासाला सांगायचे की असं विचारायचं नसतं. मागे मोठी रांग होती म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून बोचतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अण्णा खोटं बोलले नव्हते. समोरचा माणूस ठरावीक अंतराने काहीतरी करतोय आणि आपण 'हो' म्हणावं अशी त्याची अपेक्षा आहे, एवढं कळलं की जीभ आपोआप 'हो' म्हणते. मोजणाऱ्याचं पहिलं काम असतं ते माणसाला खरोखर काय जाणवलं आणि त्याला 'हो' म्हणण्याची किती सवय आहे, या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचं. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं त्यासाठीच आहे. घरी करता येईल असंच सांगते. वजनकाटा, कप, नाणं आणि चौकटीची वही एवढं पुरतं.

आधी थोडं मूळ

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात एर्न्स्ट हाइनरिख वेबर नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३४ मध्ये त्यांनी स्पर्शावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवायची, ती जवळजवळ आणत जायची आणि कुठे दोनाचं एक होतं ते पाहायचं. एक वजन उचलायचं, मग दुसरं, आणि फरक कुठे कळतो ते पाहायचं. त्याच शहरात गुस्टाव्ह फेक्नर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. डोळ्यांसमोर तरळत राहणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास करताना रंगीत काचांतून सूर्याकडे बघून त्यांनी डोळे बिघडवून घेतले आणि पुढची काही वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना सुचलं की बाहेरचं उद्दीपक (वजन, प्रकाश, आवाज असं काही) आणि आतली संवेदना यांचं नातं आकड्यांत मांडता येईल. त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये आला आणि मोजण्याच्या तीन पद्धती त्यात पक्क्या झाल्या. आमच्या जर्नलमधली निम्मी प्रॅक्टिकल्स तिथूनच आलेली आहेत.

ती इकडे आली कशी, ते मी मुलांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचे. लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारणारे विल्हेल्म वुंट, त्यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले, त्यांच्याकडे शिकून नरेंद्रनाथ सेनगुप्ता कोलकात्याला परतले आणि १९१६ मध्ये तिथल्या विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी पेटीतल्या वजनांचं घराणं थेट फेक्नरपर्यंत पोचतं. हे सांगितलं की ती पेटी उघडताना मुलांचे हात जरा जपून चालायचे.

उंबरठे दोन. काहीच नसण्यापासून 'काहीतरी आहे' इथवरचा पहिला, आणि 'हे आणि ते वेगळं आहे' हा दुसरा. पुस्तकं त्यांना अवसीमा म्हणतात. वर्गात आम्ही थ्रेशोल्डच म्हणायचो.

साखरेचं पाणी

सुरुवात इथून करा, कारण यात कुणाला दुखत नाही आणि चूकही लगेच दिसते.

उकळून गार केलेलं, एकाच भांड्यातलं चार-पाच लीटर पाणी घ्या. एक लीटर पाण्यात १६ ग्रॅम साखर नीट विरघळवा. ही पहिली बरणी. त्यातलं अर्धा लीटर दुसऱ्या बरणीत काढा आणि त्यात अर्धा लीटर साधं पाणी मिसळा. आता दुसऱ्या बरणीत लीटरला ८ ग्रॅम झाली. असंच निम्मं निम्मं करत सहाव्या बरणीपर्यंत जा: १६, ८, ४, २, १ आणि अर्धा ग्रॅम. साखर चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. चमचा कधी सपाट भरतो, कधी शीग घेऊन. सगळ्या बरण्या आणि साधं पाणी एकाच जागी तासभर ठेवा. एक गार आणि एक कोमट असेल तर जीभ साखरेऐवजी थंडपणा ओळखेल आणि तुम्ही भलतंच मोजाल.

जुन्या रीतीने आपण काय केलं असतं? सहाव्या बरणीपासून चढत जाऊन प्रत्येक वेळी विचारलं असतं, "गोड लागतंय?" ज्या बरणीला 'हो' आलं तो उंबरठा. मग वरून खाली उतरत 'नाही' येईपर्यंत जायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची. ही सीमा पद्धती. शिकायला सोपी, म्हणून परीक्षेला हीच असते. तिच्यात दोन दोष मात्र हमखास. 'नाही, नाही' म्हणत चढणारा माणूस सवयीने आणखी एक-दोन पायऱ्या 'नाही'च म्हणतो. दुसरा एखादा 'आता येईलच' म्हणून आधीच 'हो' म्हणून मोकळा होतो. चढत्या आणि उतरत्या रांगांची सरासरी काढून या चुका थोड्या कमी होतात, जात नाहीत.

म्हणून प्रश्नच बदला. दोन सारखे कप घ्या, एकात साधं पाणी, एकात बरणीतलं. कुठे काय ठेवायचं ते नाणं उडवून ठरवा. आपल्या मनाने 'डावीकडे, उजवीकडे' करू नका, मनाने केलेली अदलाबदल माणसाला चार-पाच वेळांत ओळखू येते. आता विचारायचं, "साखर कुठल्या कपात आहे?" उत्तर द्यायलाच हवं. "काही कळत नाही हो" म्हणाले तरी "अंदाजाने सांगा" म्हणायचं. इथे 'हो' म्हणण्याच्या सवयीला जागाच उरत नाही. काहीच जाणवत नसेल तर उत्तरं निम्मी बरोबर येतील, त्याहून जास्त येणार नाहीत. आणि गंमत अशी की जे "मला काहीच कळत नाहीये" असं मनापासून सांगतात, त्यांचे अंदाज पुष्कळदा दहात सात-आठ बरोबर निघतात. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी घरी जाऊन रात्री उशिरापर्यंत तो तक्ता बघत बसले होते.

घोट चमचाभरच घ्यायचा, तोंडभर फिरवायचा आणि थुंकायचा. साध्या पाण्याने चूळ भरायची, अर्धा मिनिट थांबायचं. आधी तासभर चहा, पान, लवंग काही नको. थुंकायचंच असल्यामुळे मधुमेह असलेल्यांनाही हे करता येतं.

आता पायऱ्या कशा चढायच्या-उतरायच्या. तिसऱ्या बरणीपासून सुरू करा. लागोपाठ दोनदा बरोबर आलं की पुढची पातळ बरणी घ्या. एकदा जरी चुकलं तरी मागची गोड बरणी. वहीत आडव्या ओळीवर कितव्यांदा विचारलं त्याचे आकडे, उभ्या ओळीवर बरणीचे. बरोबरला टिंब, चुकीला फुली. थोड्या वेळाने या खुणा जोडणारी रेघ खाली-वर नाचायला लागते. उतरती चढती होते किंवा चढती उतरती होते त्या प्रत्येक वळणाला गोल करा. पहिली दोन वळणं सोडून द्या, पुढची सहा घ्या आणि त्यांची सरासरी काढा.

दोनदा बरोबर आणि एकदा चूक, हेच का? ज्या जागी दोन्ही वेळा बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते, तिथे ही रेघ घोटाळते. एका वेळची शक्यता ०.७०७ असेल तर तिला तिनेच गुणल्यावर ०.५ येतात. म्हणजे या रीतीने तुम्ही शंभरात साधारण एकाहत्तर वेळा ओळखता येईल अशी बरणी शोधत असता. हा हिशेब श्रवणाचे अभ्यासक हॅरी लेव्हिट यांनी १९७१ मध्ये मांडला आणि आजही श्रवणाच्या प्रयोगशाळांत याच जिन्यावरून मोजमाप चालतं.

आमच्या घरचं एक उदाहरण. माझ्या भाचीची सहा वळणं आली ४, ३, ४, ३, ५, ४ या बरण्यांवर. सरासरी ३.८३. आता इथे ग्रॅमची सरासरी काढू नका, कारण बरण्या निम्म्या निम्म्याने उतरतात. बरणीच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि मग परत ग्रॅमवर यायचं. ३.८३ म्हणजे लीटरला साधारण सव्वादोन ग्रॅम. लीटरभर पाण्यात अर्धा चमचा साखर.

पहिल्या दिवशी मात्र तिचा आकडा याच्या पाव होता. मी कप समोर ठेवत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. बरोबर कपाकडे तिचा हात गेला की माझा चेहरा सैल होत असणार. दुसऱ्या दिवशी मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा लावला आणि कप भरायला आईला बसवलं, म्हणजे विचारणाऱ्या मला स्वतःलाच उत्तर माहीत नाही. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने विचारू नये, हा नियम एवढा साधा आहे आणि तो सगळ्यात जास्त मोडला जातो.

पुस्तकांतून एक यादी फिरते, १९६२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ यूजीन गॅलंटर यांनी दिलेली: दोन गॅलन पाण्यात चमचाभर साखर जिभेला कळते, शांत खोलीत वीस फुटांवरच्या घड्याळाची टिकटिक कानाला कळते, आणि निरभ्र काळोख्या रात्री तीस मैलांवरची मेणबत्ती डोळ्याला दिसते. मीही ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. दोन गॅलन म्हणजे साडेसात लीटर. एका चमच्याचा तो विरळपणा माझ्या स्वयंपाकघरात आजवर कुणाच्या जिभेने पकडलेला मी पाहिलेला नाही. मेणबत्तीचा हिशेब तर २०१५ मध्ये टेक्सासमधल्या क्रिस्चुनस आणि करोना या दोन खगोल अभ्यासकांनी ताऱ्यांच्या तेजाशी ताडून पाहिला, तो आला सुमारे २.६ किलोमीटर. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर! त्यामुळे कुठल्याही आकड्याबरोबर तो कसा, कुठे, किती वेळा मोजला हे लिहिलेलं नसेल तर मी तो आता वहीत उतरवत नाही.

डोळ्यांचं मोजमाप घरी धडपणे होत नाही, पण ते कसं झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९४२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी सगळी परिस्थिती डोळ्याच्या बाजूने उभी केली. आधी चाळीसेक मिनिटं अंधारात बसायचं, म्हणजे डोळा अंधाराला पूर्ण सरावतो. थेट समोर बघायचं नाही, प्रकाश वीस अंश बाजूला पडू द्यायचा, कारण अंधारात बघणाऱ्या पेशी तिथे दाट असतात. रंग हिरवट, ५१० नॅनोमीटरचा, त्या पेशींना सर्वात चांगला पकडता येणारा. झोत एक हजारांश सेकंदाचा. निघालं काय, तर डोळ्यावर ५४ ते १४८ प्रकाशकण पडले की माणसाला झोत दिसतो, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यात प्रत्यक्ष शोषले जातात ते जेमतेम ५ ते १४. एवढ्या कमी कणांचा मामला असला की एकाच झोतात कधी चार येतात, कधी नऊ. म्हणून तोच झोत तोच माणूस एकदा बघतो आणि एकदा बघत नाही. उंबरठ्याला म्हणूनच सरळ कड नसते. मोजताना शंभरात किती वेळा, हेच विचारावं लागतं.

वजनाचा फरक

दुसरा उंबरठा फरकाचा. औषधाच्या दुकानातून गोळ्यांच्या एकसारख्या पांढऱ्या डब्या आणा. आठ लागतील. त्यांत बारीक वाळू भरा, उरलेल्या जागेत कापूस कोंबा म्हणजे हलवल्यावर आवाज येणार नाही. एक डबी १०० ग्रॅमची, ती मापाची. बाकी सात ८८, ९२, ९६, १००, १०४, १०८, ११२ ग्रॅमच्या. आकडे बुडाशी लिहा. डब्या आकाराने सारख्याच हव्यात, कारण सारख्याच वजनाची लहान वस्तू हाताला मोठीपेक्षा जड लागते. हा भ्रम डोळ्यांना खरं वजन सांगून टाकलं तरी जात नाही.

डोळे मिटायला सांगा. आधी मापाची डबी, मग दुसरी, एकाच हाताने, एकाच उंचीपर्यंत, साधारण सेकंदभर. प्रश्न एकच, "दुसरी जड की हलकी?" 'सारखीच' हे उत्तर घ्यायचं नाही. ते उत्तर उघडं ठेवलं की सावध माणूस त्याच्या मागे लपतो आणि धीट माणूस ते कधी वापरतच नाही, मग तुम्ही हात मोजण्याऐवजी स्वभाव मोजत बसता. सात डब्या प्रत्येकी वीस वेळा, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने. एकशेचाळीस वेळा होतात. एका बैठकीत करू नका, हात शिणतो. तीन दिवसांत वाटून घ्या. कंटाळा आला तर फेक्नर आठवा, वजनं उचलण्याच्या एकाच प्रयोगात त्यांनी २४,५७६ निवाडे नोंदवले होते.

निम्म्या वेळा मापाची डबी नंतर द्या आणि नोंद उलटी करून घ्या. नंतर उचललेलं वजन थोडं जड वाटण्याकडे हाताचा कल असतो, तो अशाने दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो.

माझ्या एका विद्यार्थिनीचा तक्ता अजून माझ्याकडे आहे. ८८ ग्रॅमला तिने वीसपैकी १ वेळा 'जड' म्हटलं, ९२ ला ४, ९६ ला ७, १०० ला ११, १०४ ला १४, १०८ ला १७, ११२ ला १९. हे बिंदू आलेखावर मांडले की झोपलेल्या इंग्रजी एससारखी रेघ येते. आता वीसात पाच कुठे पडतात ते शोधा: ९२ आणि ९६ च्या मध्ये, साधारण ९३.३. वीसात पंधरा: १०५.३. दोहोंतलं अंतर १२, त्याचं निम्मं ६ ग्रॅम. हा तिचा फरकाचा उंबरठा, ज्याला आम्ही डीएल म्हणायचो. आणि वीसात दहा पडतात ९९ वर, म्हणजे तिच्या हाताला ९९ ग्रॅम हेच मापाइतकं वाटत होतं.

मग तिच्याकडून ४०० ग्रॅमच्या मोठ्या डब्यांवर तेच करून घेतलं. उंबरठा आला २३ ग्रॅम. शंभराला सहा, चारशेला तेवीस. वेबर यांनी पाहिलं ते हेच: फरक किती हवा हे मूळ वजनाच्या प्रमाणात ठरतं. पाव किलो मिरचीत पन्नास ग्रॅम कमी भरले तर बाजारात बाई पिशवी हातात घेताच बोलते. दहा किलो ज्वारीत तेवढेच कमी असतील तर कुणाच्याही हाताला कळणार नाही. चांगल्या सरावाने आणि काटेकोर प्रयोगात वजनाचं हे प्रमाण पन्नासात एकपर्यंत खाली जातं. घरी सोळा-सतरात एक आलं तरी मोजणी नीटच झाली समजा. फार हलक्या वजनांना हे प्रमाण टिकत नाही, तिथे ते वाढतं. १० ग्रॅमवर करून बघा.

'हो'ची किंमत

दर वेळी दोन कप समोर ठेवता येतातच असं नाही. कानाच्या तपासणीत आवाज येतो आणि बटण दाबायचं असतं. तिथे दहा डेसिबल उतरायचं, पाच चढायचं, असा जिना असतो आणि अनुभवी तपासनीस आवाजांमधली अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवतो. ताल लागू नये म्हणूनच.

जिथे 'हो की नाही' एवढंच विचारता येतं तिथे कोऱ्या वेळा घाला. म्हणजे काहीच न देता विचारायचं. समजा, चाळीस वेळा विचारलं, वीस वेळा खरा स्पर्श आणि वीस वेळा कोरा. एक बाई स्पर्शाला १८ वेळा 'हो' म्हणाल्या, पण कोऱ्यालाही १० वेळा. दुसऱ्या बाई स्पर्शाला फक्त १२ वेळा 'हो' म्हणाल्या आणि कोऱ्याला २ वेळा. कुणाची संवेदना तीक्ष्ण? वर्गात विचारलं की सगळे हात पहिल्या बाईंसाठी वर जायचे. हिशेब असा: दोन्ही टक्केवाऱ्यांचे झेड गुण, म्हणजे घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्रावर त्या मध्यापासून किती दूर पडतात ते आकडे, काढायचे आणि वजा करायचे. पहिल्या बाई: ९० टक्क्यांना १.२८, ५० टक्क्यांना शून्य, उत्तर १.२८. दुसऱ्या बाई: ६० टक्क्यांना ०.२५, १० टक्क्यांना उणे १.२८, उत्तर १.५३. दुसऱ्या बाईंची संवेदना अधिक चांगली आहे, त्या फक्त खात्री झाल्याशिवाय बोलत नाहीत. झेडचे तक्ते कुठल्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकामागे असतात. हा विचार रडारच्या कामातून आला. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसता गोंधळ, हे ठरवण्याचं गणित टॅनर आणि स्वेट्स या अमेरिकन संशोधकांनी १९५४ मध्ये माणसाच्या दृष्टीला लावून दाखवलं.

स्पर्शाचं प्रॅक्टिकल करायचं तर यू-क्लिप सरळ करून दोन टोकांची करा, टोकं बोथट हवीत. बोटाच्या टोकाला ८ मिलिमीटरपासून, हाताच्या आतल्या बाजूला मनगट आणि कोपर यांच्या मध्ये ६० मिलिमीटरपासून उतरत या. दोन्ही टोकं एकाच क्षणी टेकवायची, दाबायची नाहीत. मध्ये मध्ये एकच टोक टेकवा, म्हणजे 'दोन' हे उत्तर फुकट मिळणार नाही. बोटावर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत दोन टोकं वेगळी कळतात, हातावर चाळीसच्या आसपास ती एक होऊन जातात. पोरांना हे आपल्याच शरीराबद्दल खरं वाटत नाही. ती परत परत करून बघतात, आणि बघू द्यावं.

पाय

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दवाखान्यात जो नायलॉनचा तंतू वापरतात तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकेल असा बनवलेला असतो. तो आधी हाताला किंवा कपाळाला टेकवून दाखवतात, म्हणजे काय जाणवायला हवं ते माणसाला कळतं. मग पायाकडे बघू न देता, घट्टा आणि जखम टाळून, प्रत्येक जागी दोनदा टेकवायचा आणि एकदा नुसतंच विचारायचं. तिन्हींपैकी दोन उत्तरं बरोबर हवीत. आणि 'हो' म्हटलं तर 'कुठे?' हेही विचारायचं. तुमच्या घरच्यांची तपासणी होत असेल तेव्हा त्यात कोरी वेळ आहे का ते बघा. नसेल तर नम्रपणे मागा. रांग मोठी असली तरी मागा.

तंतू नसेल तर बोटाने करता येणारी एक साधी रीत आहे, इप्स्विच टच टेस्ट. माणसाने डोळे मिटायचे. तुम्ही तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच टेकवायचं. टोचायचं नाही, थापटायचं नाही, घासायचं नाही. आधी उजवा अंगठा आणि उजवी करंगळी, मग डावा अंगठा आणि डावी करंगळी, शेवटी दोन्ही पायांची मधली बोटं. स्पर्श कळला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. तुम्ही काहीच विचारायचं नाही. न कळलेल्या जागी पुन्हा जोर लावून बघायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं. मी त्यात माझ्याकडून एवढीच भर घालते की स्पर्शांमधलं अंतर कधी तीन सेकंद ठेवते, कधी वीस.

खिळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी हे अण्णांना केलं. "अगं, कळतंय मला सगळं," ते आधीच म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, मी विचारणारच नाहीये. तुम्हाला जाणवेल तेव्हाच बोला." उजव्या पायाची तिन्ही बोटं त्यांनी सांगितली. डाव्या पायाची दोन गेली, करंगळी आणि मधलं. मी बोट टेकवून बसले होते आणि ते शांतपणे वाट बघत होते. डोळे उघडल्यावर त्यांनी वहीतल्या दोन फुल्या पाहिल्या आणि बराच वेळ पाय मांडीवर घेऊन ती बोटं चाचपत राहिले.

आता त्यांच्या चपला शिवलेल्या आहेत, खिळा नाही. रात्री झोपताना ते आरसा खाली धरून तळवे बघतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळीनंतर मी वही घेऊन बसते, तारीख घालते, आणि सहा जागांबरोबर दोन रकाने कोरे धरते. मागच्या रविवारी त्यातल्या एका रकान्यासाठी मी चाळीस सेकंद काहीच केलं नाही. बाहेर कुकरची शिट्टी झाली, आईने हाक मारली. अण्णा डोळे मिटून बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. मी त्या रकान्यात बरोबरची खूण केली.